सरळ घरी जायचं नाही

स्टेशनच्या पायऱ्या उतरल्या उतरल्या तोयोकोनं फुसाएचा दंड धरला आणि तिला डावीकडे वळवलं. घर उजवीकडे होतं.

"अगं, इकडे कुठं?"

"सरळ घरी जायचं नाही. मयताहून येतोय आपण, लग्नाहून नाही."

फुसाए थांबली. काळा झगा, काळे मोजे, हातात काळी पर्स. दोघी म्हाताऱ्या एकाच साच्यातून काढल्यासारख्या दिसत होत्या, फरक इतकाच की तोयोको सकाळपासून रडून मोकळी झाली होती आणि फुसाएच्या डोळ्यांत अजून टिपूस आलं नव्हतं.

"मला घरी जायचंय, तोयोको."

"जायचंच आहे. पण आधी कुठंतरी थांबू, चार घास खाऊ, माणसांत मिसळू. मग जाऊ."

आता ओसाकात हे कुणाला शिकवावं लागत नाही. मयताहून परतणाऱ्या माणसामागून गेलेल्याचा जीव येतो म्हणतात. त्याला घर दाखवायचं नाही. वाकडी वाट करायची, गर्दीत शिरायचं, काहीतरी खायचं-प्यायचं. जीव बिचारा गोंधळतो, माग हरवतो आणि आपल्या वाटेला लागतो. ज्यांच्या हाती अस्थींचा कलश असतो त्यांनीच तेवढं थेट घरी जायचं. हल्लीची पोरं या गोष्टीला हसतात, आणि हसून झालं की हळूच चहाच्या दुकानात शिरतात. तोयोको तर अशा बाबतीत देवळातल्या पुजाऱ्याच्या वरताण. तिचं कापडाचं दुकान फुसाएच्या घरासमोर होतं आणि लहानपणापासून फुसाएनं काय करायचं हे तीच ठरवत आली होती.

पण आज फुसाएला खरोखरच सरळ घरी जायचं होतं. नाकासमोर, ओळखीच्या वाटेनं. मागून येणाऱ्याला एकही वळण चुकू नये असं. तिला तिच्या ताईला घरी न्यायचं होतं.

काझुए तिची मोठी बहीण. किशिवादाला दिलेली. गाडीनं फार लांब नाही, पण सासर ते सासर. तरी महिन्यातून एकदा ती यायचीच आणि मग दोघी बहिणी स्टेशनाजवळच्या या छपराखालच्या बाजारगल्लीत शिरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खात जायच्या. बसून नाही, उभ्यानं. काझुएचं म्हणणं असं, की ताटात वाढलेलं सासरी रोजच मिळतं, माहेरी आल्यावर बोटं चाटत खायचं.

मग काझुए विसरायला लागली. आधी गॅस, मग नातवंडांची नावं, मग नवरा मेलाय हे. इकडे यायची गाडी तेवढी कधी विसरली नाही. घरातल्या सपाता पायांत घालून, ॲप्रन तसाच बांधलेला, ती येऊन फुसाएच्या, म्हणजे दोघींच्या माहेरच्या, घराच्या शटरवर थाप मारायची आणि हाक द्यायची, "आई, मी आले गं!" आईला जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. फुसाए तिला आत घ्यायची, चहा करायची आणि तिचं लक्ष नाही असं बघून मागच्या खोलीतून भाच्याला फोन लावायची. योशिनोरी गाडी घेऊन यायचा. कमरेत वाकून म्हणायचा, "मावशी, फार त्रास झाला तुम्हाला." आणि काझुए गाडीच्या काचेवर आतून बोटांनी टकटक करत राहायची.

"राहू दे ना तिला माझ्याकडे," फुसाए एकदा म्हणाली होती.

"मावशी, तुम्हाला स्वतःलाच गुडघ्यानं जिना चढवत नाही," योशिनोरी म्हणाला. खोटं बोलला नाही. वाईट मुलगा नव्हताच तो. पण बोलणं बरोबर असलं म्हणून मनाला कमी लागतं असं थोडंच आहे. पुढे त्यानं आईला वृद्धाश्रमात ठेवलं. तिथलं दार आकडे दाबल्याशिवाय उघडायचं नाही, आणि आकडे काझुएला कुठले आठवायला! त्या दाराशी उभं राहून तिनं दोन हिवाळे काढले आणि या हिवाळ्यात गेली.

आज सकाळी दहनानंतर हाडं वेचायला फुसाए होती. दोघांनी जेवतात तशा काड्यांची एकेक जोडी धरायची, मिळून एक हाड उचलायचं आणि कलशात ठेवायचं. तिच्यासमोर योशिनोरी उभा होता. ओसाकाकडचे कलश लहान, त्यात सगळं मावत नाही, बाकीचं तिथंच राहतं. मागितला असता तर एखादा तुकडा वेगळ्या डबीत घालून तिलाही दिला असता. पण मागायचं कोणत्या तोंडानं? मुलगी दिली की हाडंही दिली. कलश पांढऱ्या फडक्यात बांधून किशिवादाला गेला, आणि फुसाएच्या मनानं तेव्हाच घेतलं की हाडं तुम्ही घेतलीत ना, मग जीव तरी माझ्यामागं येऊ दे.

आणि हे सगळं तोयोकोला सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर तिनं तिला दुसऱ्या गावाला नेऊन फिरवून आणलं असतं.

बाजारगल्लीत शिरल्यावर खाटकाच्या दुकानापुढं तोयोको थांबली. इथं मांसाबरोबर बटाट्याची कटलेटंही तळून मिळतात. कागदात धरलेलं गरम कटलेट तिनं फुसाएच्या हातात कोंबलं.

"खा."

"भूक नाही."

"भुकेसाठी कोण खातंय इथं? विधी समज आणि गीळ."

फुसाएनं घास घेतला. बाहेरून कुरकुरीत, आत मऊ, किंचित गोड. इतर वेळी दोन खाल्ली असती. आज एकच कसंबसं संपवलं. तिनं मागं वळून पाहिलं. गल्लीत सायकली, पिशव्या, कांद्याच्या पाती मिरवत जाणाऱ्या बायका. छपराच्या मळक्या काचांतून थंडीचं फिकट ऊन येत होतं. ताई असलीच तर आता कुठं असेल? स्टेशनाच्या पायऱ्यांवर? तिला पायऱ्या उतरायला वेळ लागायचा, एक पाय ओढायची ती.

"झालं. आता चल घरी," ती म्हणाली.

"एवढ्यात? एका कटलेटवर काझुएताई फसेल असं वाटतं तुला? जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, हिची मेल्यावरसुद्धा जायची नाही. आकड्यांचं कुलूप लावलं तेव्हा कुठं ती एका जागी राहिली!"

बोलून गेली आणि तोयोकोनं जीभ चावली. तोंड वाईट होतं तिचं, मन नाही. कागदाचा बोळा करून फुसाएनं डब्यात टाकला आणि दोघी पुढं निघाल्या.

काडीला टोचून तळलेल्या मांसाच्या दुकानावरून जाताना दोघींच्याही माना आपोआप तिकडे वळल्या. तिथं सगळ्या गिऱ्हाइकांत मिळून सॉसचं एकच भांडं असतं. काडी एकदाच बुडवायची, उष्टी पुन्हा बुडवायची नाही. हा नियम मोडणं म्हणजे भर बाजारात थुंकणं. तान्हं मूलसुद्धा मोडत नाही. तीन वर्षांपूर्वी काझुएनं अर्धी खाल्लेली काडी खुशाल पुन्हा भांड्यात बुडवली होती. दुकान चिडीचूप झालं. फुसाएला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. म्हाताऱ्या दुकानदारानं भांडं उचललं, आत नेऊन ओतलं, नवं भरून आणलं आणि काझुएसमोर ठेवत म्हणाला, "आज सॉस जरा खारट झाला होता, बाई." काझुए म्हणाली, "हो ना, मला वाटलंच."

"देवमाणूस गं तो," तोयोको म्हणाली.

"तोयोको, तुझं डोकं ठिकाणावर आहे का?" फुसाए एकाएकी म्हणाली.

"का गं?"

"ताईला चुकवायचंय ना तुला? मग इथं कशाला आणलंस? या गल्लीत तिला चुकवणारा अजून जन्मायचाय. डोळे बांधून सोडलं तरी वासावर येईल ती."

तोयोकोनं आ वासला. मग तिचा चेहरा असा काही उतरला की दुसऱ्या कुठल्याही दिवशी फुसाए खो खो हसली असती.

"बाई गं! हे माझ्या डोक्यातच आलं नाही. थांब, थांब. तिथं जाऊ." तिनं कोपऱ्यावरच्या नव्या दुकानाकडे बोट दाखवलं. तिथं शाळकरी मुली काचेच्या पेल्यांतून जाड नळ्यांनी काहीतरी ओढत होत्या. "तिथं ती कधीच गेलेली नाही. गोंधळेल."

"तू तरी कधी गेलीयेस?"

"नाही. म्हणजे मीही गोंधळेन. चालेल!"

पण तिथवर त्या पोचल्याच नाहीत. वाटेत मोरिबेची गाडी होती. आप्पेपात्रासारख्या खळग्यांच्या लोखंडी तव्यावर ऑक्टोपसच्या तुकड्यांचे गोळे करण्यात, म्हणजे ताकोयाकी करण्यात, या माणसाचा जन्म गेला होता. डोक्याला पंचा बांधलेला, आवाज गल्लीच्या त्या टोकाला जाईल असा.

"काय मावशी! काळे कपडे आज! कुणाला पोचवून आलात?" दोन अणकुचीदार काड्यांनी तो गोळे भराभर उलटत होता, मान वर न करता बोलत होता. "आणि मोठ्या मावशी कुठायत? किती वर्षं झाली, फिरकल्या नाहीत. त्यांना सांगा, 'आलं घालताना तुझा हात आखडतो, मेल्या,' म्हणून शिव्या घालून गेल्या ना, तेव्हापासून मुठीनं घालतोय. यायला सांगा!"

"तिलाच," फुसाए म्हणाली.

"काय तिलाच?"

"तिलाच पोचवून आलो."

मोरिबेचे हात थांबले. तव्यावरच्या गोळ्यांना वाफ आली, मग धूर, मग करपल्याचा वास सुटला. मोरिबेच्या गाडीवर करपल्याचा वास त्या गल्लीनं कधी घेतला नसेल. त्यानं डोक्याचा पंचा काढला, मान झुकवली आणि सगळी ओळ खरवडून टाकली. नवं पीठ ओतलं. लाल आलं मुठीनं घातलं. तयार झाल्यावर कागदी द्रोणात भरून दोन काड्या खोचून दोन्ही हातांनी फुसाएपुढं धरलं. "त्यांच्यासाठी," एवढंच म्हणाला.

शेजारच्या बाकावर दोघी बसल्या. द्रोण फुसाएच्या मांडीवर होता आणि त्यातून वाफा निघत होत्या. ती नुसती बघत राहिली.

"गरम आहे म्हणून बघत्येस का?" तोयोकोनं एक गोळा काडीनं उचलला, त्यावर पाच-सहा फुंकरा घातल्या. "हा घे. निवला हा."

फुसाएनं हात पुढं केला. हातात दुसरी काडी होती. तिच्या काडीनं तोयोकोच्या काडीवरचा गोळा अधांतरीच टिपला आणि क्षणभर एकाच घासाला दोघींच्या काड्या लागून राहिल्या.

दोघी गोठल्या. काडीवरून काडीवर जेवण घ्यायचं नसतं. तसं फक्त हाडं उचलताना करतात. लहानपणी चुकून केलं तरी आई बोटांवर फटका द्यायची. सत्तरी ओलांडलेल्या बाईच्या हातून असं व्हावं, म्हणजे तिचा हात अजून सकाळच्या त्या खोलीतच होता.

"टाक तो! टाक आधी, फुसाए!" तोयोको पांढरीफटक पडली होती.

फुसाएनं टाकला नाही. तिनं त्या गोळ्याकडे पाहिलं. सकाळचं हाड हाताला काही लागलंच नव्हतं, इतकं हलकं. हे जड होतं. सकाळी जे उचललं ते दुसऱ्यांच्या कलशात गेलं होतं. हे कुणी मागायला येणार नव्हतं. तिनं तो अख्खा तोंडात घातला. निवला कसला, आतून निखारा होता. जीभ पोळली, टाळू पोळला, डोळ्यांतून पाणी आलं आणि तरीही तिनं तो चावून चावून गिळला.

"मी घरी चालले," ती म्हणाली. "सरळ वाटेनं. तू ये नाहीतर नको येऊ."

"वेड लागलं तुला! ती मागं येईल."

"म्हणूनच चाललेय."

तोयोकोला आता कुठं उमगलं. ती उठून फुसाएच्या समोर आडवी उभी राहिली. "तुला कळतंय का काय बोलत्येस? गेलेली माणसं घरात शिरली की एकटी परत जात नाहीत. सोबत घेऊन जातात."

"नेऊ दे."

"नेऊ दे म्हणे! आणि मी काय करायचं गं? सकाळ-संध्याकाळ समोरचं बंद शटर बघत बसायचं? भांडायला कोण आहे मला दुसरं?" तोयोकोचा आवाज फाटला. गल्लीतली माणसं न बघितल्यासारखं करून बघत होती. "मला तू पाहिजेस म्हणून फिरवतेय तुला. विधी गेला खड्ड्यात."

फुसाएनं तिचा हात धरला. इतक्या वर्षांत तोयोकोनं असं काही म्हटलं नव्हतं, आणि तिनंही ऐकून घेतलं नसतं.

"मी मरायला नाही चालले," ती म्हणाली. "पण ऐक. ती दर खेपेला दारात आली आणि दर खेपेला मी तिला परत पाठवली. चहा पाजला आणि पाठवली. आज तिला न्यायला कुणी गाडी घेऊन येणार नाही. एकदा तरी तिला राहू दे ना गं माहेरी."

तोयोको बराच वेळ नाक पुसत राहिली. मग द्रोण उचलून तिनं मोरिबेच्या कागदात नीट गुंडाळला.

"बरं," ती म्हणाली. "पण हळू चाल. तुझ्यासारखं तरातरा तिला जमायचं नाही."

मग त्या दोघी परत फिरल्या. स्टेशनाच्या पायऱ्यांपाशी येऊन तिथून नीट सुरुवात केली, कारण तोयोकोचं म्हणणं की न्यायचंच तर वाटेत सोडून कसं चालेल. सावकाश निघाल्या. चढाच्या जागी थांबल्या. रस्ता ओलांडताना फुसाए अर्ध्यात थांबून मागं बघत होती, एका टॅक्सीवाल्यानं हॉर्न दिला तर तोयोकोच त्याच्यावर डाफरली, "दिसत नाही का, तिघी आहोत!"

घर म्हणजे आईवडिलांचं वाळवलेल्या समुद्री शेवाळाचं जुनं दुकान, आणि माडीवर राहायची जागा. दुकान बंद होऊनही फळकुटांना अजून समुद्राचा वास होता. तोयोकोनं पर्समधून मिठाची पुडी काढली. मयताला गेलेल्याला ती मिळतेच. उंबऱ्याबाहेर अंगावर चिमूटभर टाकायचं, म्हणजे मृत्यू घरात येत नाही. फुसाएनं मानेनंच नको म्हटलं. तोयोकोनं पुडी मुठीत मिटली.

फुसाए एरवी शटर अर्धंच उचलून वाकून आत जायची. आज तिनं ते दोन्ही हातांनी थेट वर लोटलं आणि दाराच्या कडेला सरकून वाट मोकळी केली.

"ये, ताई," ती म्हणाली.

रस्त्यावरून एक सायकल गेली. फुसाए तशीच उभी राहिली, पाय ओढत येणाऱ्या माणसाला जेवढा वेळ लागेल तेवढा. मग ती आत गेली. तिनं बसायची उशी झटकून ठेवली, पाणी उकळलं, तीन कप भरले. कागद सोडून द्रोण मधोमध ठेवला. गोळे गार होऊन बसले होते. तोयोको उंबऱ्याबाहेर घुटमळत होती. शेवटी तीही आली आणि अंग चोरून टेकली.

शटर सताड उघडं, थंडी सरळ आत येत होती. चहावरची वाफ आधी एका कपावरची गेली, मग बाकी दोन्हींवरची. फुसाए कान देऊन बसली होती. फ्रिजची घरघर. वरच्या नळाचा थेंब. शेजाऱ्यांचा टीव्ही. रोज जे ऐकू यायचं तेवढंच.

"आली का गं?" तोयोकोनं कुजबुजत विचारलं.

फुसाए दाराच्या मोकळ्या चौकटीकडे बघत होती. बाहेर दिवे लागले होते.

"नाही आली," ती म्हणाली.

"कशावरून? अजून वाटेत असेल."

"नाही गं. ती यायचीच नाही." फुसाए अगदी शांतपणे बोलत होती, हिशेब लागल्यावर माणूस बोलतो तशी. "ती माझ्याकडे येतच नव्हती, तोयोको. गेली कितीतरी वर्षं मला ओळखत तरी होती का? चहा घेऊन 'बाई, तुमचे उपकार,' म्हणायची. आत येऊन सगळ्या खोल्यांतून बघून यायची आणि पुन्हा दाराशी जाऊन बसायची. ती आईकडे यायची. आणि आई आता तिकडंच आहे."

तोयोकोनं मुठीतली मिठाची पुडी पर्समध्ये परत ठेवली.

"भेटली असेल तिला आई. मग इकडे कशाला वाकडी वाट करेल?" फुसाए म्हणाली, आणि सकाळपासून आवरून धरलेलं रडणं तिला तिथं आलं. तोंडावर हात न घेता, लहान मुलीसारखी मोठ्यानं रडली ती. तिला सोडून आई आणि ताई पुढे निघून गेल्या होत्या आणि ती दुकानात एकटी राहिली होती.

तोयोको उठली. तिनं आतून शटर खाली ओढलं, दिवा लावला आणि येऊन फुसाएच्या शेजारी बसली.